फासबिंडरचे चित्रपट दाखवावेत का, आणि दाखवायचे तर कोणत्या क्रमाने?

वाचनालय_चित्रगट (सांगली)

नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागात आमचा एक लहानसा चित्रपट-गट आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी एका वाचनालयाच्या सभागृहात आम्ही चित्रपट पाहतो आणि नंतर तासभर त्यावर बोलतो. सभासदांमध्ये निवृत्त शिक्षक आहेत, राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे उतरणारे हौशी रंगकर्मी आहेत आणि अलीकडे काही महाविद्यालयीन विद्यार्थीही नियमाने येऊ लागले आहेत. पावसाळ्याचे चार महिने राइनर वेर्नर फासबिंडर या जर्मन दिग्दर्शकाला द्यावेत, असा प्रस्ताव मी मांडला आणि गटात सरळ दोन तट पडले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला उडवून लावावेसे वाटत नाही. फासबिंडरने आपल्या सहकाऱ्यांना अत्यंत वाईट वागवले, त्याच्या जवळच्या माणसांपैकी दोघांचा अंत दुःखद झाला, त्याच्या एका नाटकावर ज्यूद्वेषाचा आरोप झाला आणि तो स्वतः अमली पदार्थांच्या आहारी जाऊन १९८२ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला, हे सगळे खरेच आहे. इतिहास शिकवलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘‘ज्याने माणसांशी असा व्यवहार केला, त्याच्याकडून माणुसकीविषयी आपण काय ऐकून घ्यायचे?’’ त्यावर मला तिथल्या तिथे समाधानकारक उत्तर देता आले नाही.

दुसरी अडचण निवडीची आहे. अवघ्या तेरा-चौदा वर्षांत त्याने चाळीसच्या आसपास चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका केल्या. त्यांतून चार निवडायचे तर कोणते, आणि प्रेक्षकांना या माणसाच्या वादग्रस्ततेविषयी आधी सांगावे की नंतर? ज्यांनी त्याचे काम मनापासून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

मी पुण्यात जर्मन शिकलो आणि पुढे बरीच वर्षे साताऱ्यात ती शिकवली, त्यामुळे या दिग्दर्शकाकडे भाषेच्या वाटेने पोहोचलो. क्रमाचा प्रश्न आधी घेतो, कारण या माणसाला सांगायचे काय होते याचे उत्तर त्या क्रमातच मिळते.

फासबिंडरचा जन्म ३१ मे १९४५ चा, म्हणजे जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांचा. बर्लिनच्या चित्रपट अकादमीने त्याला प्रवेश नाकारला, तेव्हा तो १९६७ मध्ये म्युनिकच्या ‘ॲक्शन-थिएटर’ नावाच्या छोट्या नाटकमंडळीत शिरला आणि ती मोडल्यावर १९६८ मध्ये त्यातल्याच माणसांना घेऊन त्याने ‘आंटीटेआटर’ हे नवे नाट्यमंडळ उभे केले. हाना शिगुला, ईर्म हेरमान, कुर्ट राब, संगीतकार पेर राबेन ही पुढे वर्षानुवर्षे त्याच्या चित्रपटांत दिसणारी मंडळी इथलीच. त्याच्या पहिल्या चित्रपटाची, ‘लव्ह इज कोल्डर दॅन डेथ’ची, १९६९ च्या बर्लिन महोत्सवात हुर्यो उडवली गेली. त्याच वर्षीच्या ‘कात्सेलमाखर’ने मात्र त्याला मान्यता मिळवून दिली. म्युनिकच्या एका वस्तीत कठड्यावर बसून दिवस ढकलणारी तरुण मंडळी आणि त्यांच्यात येऊन पडलेला एक ग्रीक कामगार एवढीच ती कथा. तो ग्रीक कामगार फासबिंडरने स्वतःच साकारला आहे. कॅमेरा जवळजवळ हलतच नाही, माणसे भिंतीला चिकटवल्यासारखी एका रांगेत बसलेली दिसतात, आणि त्या स्थिरपणातूनच त्यांच्या मनातला द्वेष हळूहळू बाहेर येतो.

तुमच्या प्रेक्षकांसाठी खरी सुरुवात इथून करू नये, असे माझे मत आहे. १९७० च्या सुमारास त्याने डग्लस सर्क या मूळच्या जर्मन, पण हॉलिवूडमध्ये नाव कमावलेल्या दिग्दर्शकाचे कौटुंबिक रडके म्हणून हिणवले गेलेले चित्रपट पाहिले, सर्कची भेट घेतली आणि त्यांच्यावर लेखही लिहिला. सामान्य प्रेक्षकाला रडवणाऱ्या गोष्टीतूनच समाजाची चिरफाड करता येते, हे त्याला तिथे उमगले. त्यानंतरचे त्याचे चित्रपट बदलले. म्हणून पहिल्या रविवारी १९७४ चा ‘अली : फिअर ईट्स द सोल’ दाखवावा, असे मी सुचवीन. सुमारे दोन आठवड्यांत चित्रित झालेल्या या चित्रपटाला त्या वर्षी कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

एमी ही साठीची विधवा सफाई कामगार, तर अली तिच्याहून बराच लहान असलेला, गॅरेजमध्ये काम करणारा मोरोक्कन. पावसातून आडोशाला म्हणून ती एका बारमध्ये शिरते आणि तिथली सगळी माणसे तिच्याकडे नुसती बघत राहतात. पुढे दोघे लग्न करतात. मुले आईला तोडतात, एक मुलगा रागाने लाथ घालून तिचा टीव्ही फोडतो, किराणा दुकानदार अलीला माल देत नाही, शेजारणी नाक मुरडतात. इतपत कथा कोणीही सहृदय दिग्दर्शक सांगेल. फासबिंडर वेगळा ठरतो तो उत्तरार्धात. दुकानदाराला गिऱ्हाईक हवे असते, शेजारणीला सामान ठेवायला जागा हवी असते, मुलाला आईने नातवंड सांभाळायला हवे असते, आणि सगळे एकाएकी गोड बोलू लागतात. बाहेरचा जाच थांबतो आणि एमी स्वतःच अलीशी तशी वागू लागते. मैत्रिणींना त्याचे दंड चाचपून दाखवते, त्याला आवडणारा कुसकुस करून द्यायला नकार देते.

एक दृश्य मुद्दाम लक्ष देऊन पाहायला सांगा. एमीच्या लग्नाची बातमी कळल्यावर तिच्या सहकारी बायका जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर तिच्यापासून दूर सरकून बसतात आणि कॅमेरा तिला जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून एकटी दाखवतो. पुढे युगोस्लावियातून आलेली एक नवी बाई कामाला लागते. तोच जिना, तीच चौकट, गजांमागे आता ती नवी बाई, आणि तिला वगळून पगारवाढीची कुजबुज करणाऱ्या बायकांत एमी सामील. कोणी भाषण करत नाही, संगीत उसळत नाही. छळ सोसलेला माणूस छळ करायला किती सहज तयार होतो, हे एवढ्या एका जागेच्या अदलाबदलीतून कळते.

फासबिंडरच्या कारकिर्दीचे सूत्र मला इथे दिसते. त्याच्या चित्रपटांत ज्याला प्रेमाची गरज अधिक तो दुबळा ठरतो, आणि दुबळ्याला पिळणारी माणसे बहुधा त्याच्या घरातलीच असतात.

दुसरा चित्रपट १९७९ चा ‘द मॅरेज ऑफ मारिया ब्राउन’ असावा, कारण युद्धानंतर सावरत भरभराटीला येणाऱ्या मारियाच्या गोष्टीतून हेच सूत्र त्याने अख्ख्या देशाला लावले. त्याचे सर्वांत मोठे व्यावसायिक यशही तेच. मारिया साकारणाऱ्या शिगुलाला त्यासाठी बर्लिनमध्ये अभिनयाचे पारितोषिक मिळाले. ‘लोला’ आणि ‘वेरोनिका फोस’ हे युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीवरच्या त्याच त्रयीतले पुढचे दोन चित्रपट. ‘वेरोनिका फोस’ला १९८२ च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळाले आणि जूनमध्ये फासबिंडर गेला.

एवढे काम इतक्या झपाट्याने कसे झाले, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. त्याचे एक उत्तर पश्चिम जर्मनीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीत आहे. कलोनच्या वेडेएआर वाहिनीने त्याच्या अनेक कामांना पैसा दिला. तिथले पेटर मेर्टेसहायमर पुढे ‘मारिया ब्राउन’चे सहलेखकही झाले. जर्मन लेखक डोब्लिनच्या कादंबरीवरची, चौदा भागांची आणि पंधरा तासांहून मोठी ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ’ ही मालिका १९८० मध्ये घराघरांत दाखवली गेली ती याच व्यवस्थेमुळे. तिकीटबारीवर सगळा हिशेब चुकता करावा लागला असता, तर यातले निम्मे चित्रपटही झाले नसते.

पडद्यामागे (सांगली)

वरील प्रतिसादातील दूरचित्रवाणीचा मुद्दा योग्यच आहे. पण त्या झपाट्याची किंमत कोणी मोजली, याविषयी नाटकात काम करणाऱ्या माणसाने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्या गावात आम्ही राहतो. नाटकमंडळी म्हणजे काय, हे आम्हाला वाडवडिलांच्या गोष्टींतून माहीत आहे. एकच माणूस मालक, लेखक आणि तालीममास्तर असतो. बाकीचे नट असतात, पेटी वाजवतात, पडदे ओढतात आणि त्याच्या मर्जीवर जगतात. फासबिंडरचे कुटुंब म्हणवले जाणारे मंडळ याच घडणीचे होते. कुर्ट राब नट होता आणि नेपथ्यही करायचा. फासबिंडरची स्वतःची आई लिझेलोटे ‘लिलो पेम्पाइट’ या नावाने त्याच्या चित्रपटांत भूमिका करायची. माणसे एकमेकांना आतून ओळखत असल्यामुळे चर्चेत वेळ जात नसे, पुनःपुन्हा घ्यावे लागणारे शॉट कमी असत, आणि मिखाएल बालहाउससारखा छायालेखक लांबलचक, वळसे घेणारे शॉट मोजक्या वेळात उरकत असे. मात्र ज्या मंडळात कामाचा, पैशाचा आणि प्रेमाचा मालक एकच असतो, तिथे ‘नाही’ म्हणायची सोय कोणालाच उरत नाही.

हे तुमच्या सभासदांना पाहायचे असेल, तर १९७२ चा ‘द बिटर टिअर्स ऑफ पेत्रा फॉन कांट’ टाळू नका. ते मूळचे त्याचेच नाटक. एक खोली, पाठीमागच्या भिंतीवर पूसाँ या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची भली मोठी प्रतिकृती, पलंग, कपड्यांचे पुतळे आणि फक्त बायका. पुरुष दिसलाच तर त्या भिंतीवरच्या चित्रात. पोशाखांची संकल्पक असलेली पेत्रा कारीन नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडते आणि स्वतःचा पार चोळामोळा करून घेते. पण नटांनी पाहावे ते मार्लेनेकडे. ती पेत्राची सहायक आहे. टंकलेखन करते, रेखाटने करते, पेये आणून देते, सगळे अपमान गिळते आणि संपूर्ण चित्रपटात एकही शब्द बोलत नाही. पात्रांच्या संभाषणामागे तिच्या टंकयंत्राचा आवाज चालू असतो आणि मध्येच थांबतो, तेव्हा आपल्याला कळते की तिने ऐकले. शेवटी पेत्रा तिला बरोबरीने वागवायचे कबूल करते, आणि मार्लेने शांतपणे सुटकेस भरून निघून जाते. स्पर्धेतल्या नाटकांत मूक पात्राला ट्रे घेऊन आतबाहेर करायला लावणाऱ्या आमच्या दिग्दर्शकांनी हे एकदा तरी पाहायला हवे.

ही मार्लेने ईर्म हेरमानने केली आहे. फासबिंडरकडून सर्वांत अधिक सोसलेल्या सहकाऱ्यांपैकी ती एक. आपल्या मंडळात काय चालले आहे हे त्याला कळत नव्हते, असे त्यामुळेच म्हणता येत नाही. त्याला ते नेमके कळत होते, त्याने ते लिहून काढले आणि जिच्यावर ते गुदरले तिलाच भूमिका दिली. याला धैर्य म्हणायचे की क्रौर्य, हे मला आजही ठरवता येत नाही, पण चर्चा व्हायची असेल तर ती यावर व्हावी.

मिरज_जंक्शन

मी कौटुंबिक समुपदेशनाचे काम करते आणि वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचूनही माझा विरोध नोंदवते. ‘त्याला स्वतःचे क्रौर्य कळत होते’ हे वाक्य आपण फार लवकर त्याच्या बाजूने जमा करतो. छळणाऱ्याला आपण छळतो हे बहुतेक वेळा कळतच असते. आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांच्या हकिकतींत हे सर्रास आढळते. फासबिंडरने आपल्याला भर रस्त्यात मारहाण केल्याचे ईर्म हेरमानने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. ज्याच्या चेहऱ्यावर ‘अली’ उभा आहे, तो एल हेदी बेन सालेम हा फासबिंडरचा जोडीदार होता. संबंध तुटल्यानंतर तो फ्रान्समधल्या तुरुंगात मरण पावला, आणि ही बातमी फासबिंडरपासून दीर्घकाळ दडवून ठेवली गेली. त्यानंतरचा जोडीदार आर्मिन मायर याने १९७८ मध्ये, दुराव्यानंतर, आत्महत्या केली. त्या दुःखातून ‘इन अ इयर ऑफ १३ मून्स’ हा चित्रपट झाला म्हणून समीक्षक हळहळतात. मायरच्या वाट्याला मात्र त्यातले काहीच आले नाही.

चित्रपट दाखवूच नयेत, इतके टोकाचे मी म्हणत नाही. पण आधीच्या ओळखीत दिग्दर्शकाच्या प्रतिभेबरोबर या माणसांची नावे आणि त्यांचे काय झाले हे सांगितले जाणार नसेल, तर ती ओळख अपुरी राहील. ‘अली’ पाहताना प्रेक्षकाला हे ठाऊक असले पाहिजे की पडद्यावर सहानुभूतीने रंगवलेला परदेशी माणूस पडद्याबाहेर एकटाच राहिला.

दुसरे म्हणजे ज्यूद्वेषाचा आरोप झालेल्या त्या नाटकाविषयी इथे अजून कोणी लिहिलेले नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, नावे सांगितलीच पाहिजेत हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ‘केरेल’ हा फासबिंडरचा शेवटचा चित्रपट त्याने बेन सालेमला अर्पण केला आहे, एवढी भर घालतो. त्याने काही भरून निघत नाही.

नाटकाविषयी. फासबिंडर फ्रांकफुर्टच्या ‘टेआटर आम टुर्म’चे संचालन पाहत होता, त्या काळात, १९७५ मध्ये, त्याने ‘कचरा, शहर आणि मृत्यू’ अशा अर्थाच्या नावाचे नाटक लिहिले. त्या वेळी शहराच्या वेस्टएंड भागात जुनी घरे पाडून कचेऱ्यांच्या इमारती उठत होत्या आणि त्यावरून मोठा संघर्ष चालू होता. नाटकात या व्यवहारातून गब्बर झालेले एक पात्र आहे आणि त्याला नाव न देता केवळ ‘श्रीमंत ज्यू’ म्हटले आहे. ओरड झाल्यावर प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. फासबिंडर गेल्यानंतर, ३१ ऑक्टोबर १९८५ रोजी, फ्रांकफुर्टमध्ये प्रयोग ठरला तेव्हा तिथल्या ज्यू समाजातील लोकांनी रंगमंचावर ठाण मांडले आणि प्रयोग होऊ दिला नाही. जर्मनीत त्याचा पहिला प्रयोग म्युलहाइममध्ये झाला तो थेट २००९ साली.

बचाव असा केला जातो की पात्राचे बिननावी असणे हेच समाजाच्या पूर्वग्रहाचे चित्रण आहे, आणि नाटकातील उघड ज्यूद्वेषी बोलणे इतर घृणास्पद पात्रांच्या तोंडी आहे. मला हा बचाव अपुरा वाटतो. छळछावण्यांतून वाचलेली माणसे ज्या शहरात राहत होती, तिथे ‘श्रीमंत ज्यू’ ही आकृती रंगमंचावर आणताना तिला नाव आणि स्वतःचे आयुष्य देणे हे लेखकाचे काम होते. चित्रपटांत गौण पात्रालाही त्याने ते दिले आहे. हे नाटक त्याच्या कामाचा दुबळा भाग आहे, आणि प्रास्ताविकात तसे स्पष्ट म्हणावे.

ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नावर मात्र एक गोष्ट सुचवतो. १९७८ चा ‘जर्मनी इन ऑटम’ हा अनेक दिग्दर्शकांनी मिळून केलेला चित्रपट आहे. १९७७ च्या शरदात उद्योगपती श्लायर यांचे अपहरण आणि हत्या, विमानाचे अपहरण आणि श्टामहाइमच्या तुरुंगात डाव्या अतिरेकी गटाच्या नेत्यांचे झालेले मृत्यू यांनी देश हादरला होता, त्या दिवसांचे ते चित्रण. त्यातला फासबिंडरचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग त्याच्याच घरात घडतो. तो टेबलाशी बसून आईला लोकशाहीविषयी उलटसुलट प्रश्न विचारत तिला कोंडीत पकडतो, आणि अखेरीस ती म्हणून जाते की चांगला, प्रेमळ असा एखादा हुकूमशहा असावा. ज्या पिढीने नाझी राजवट पाहिली, तिच्या तोंडून हे स्वयंपाकघरात ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्याच घरात हाच लोकशाहीवादी मुलगा आर्मिन मायरवर खेकसतो, त्याला घराबाहेर काढतो, नंतर त्याच्या गळ्यात पडून रडतो, आणि हे सारे त्याने कापून न टाकता ठेवले आहे. इतिहासाचे शिक्षक असलेल्या सभासदांना हा अर्धा तास अवश्य दाखवा. हुकूमशाही घरात कशी राहते याचा पुरावा देण्यासाठी त्याने स्वतःलाच हजर केले आहे. त्यामुळे तो निर्दोष ठरत नाही. पण त्याच्याकडून काय ऐकून घ्यायचे, याचे उत्तर मला तिथे मिळते.

वाचनालय_चित्रगट (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गटाच्या बैठकीत पुढील आराखडा मांडणार आहे : जूनमध्ये ‘अली’, जुलैमध्ये ‘पेत्रा फॉन कांट’, ऑगस्टमध्ये ‘मारिया ब्राउन’ आणि सप्टेंबरमध्ये ‘जर्मनी इन ऑटम’मधला भाग व त्याला जोडून ‘वेरोनिका फोस’. ‘अली’ने सुरुवात करण्याचे एक कारण इथले आहे. आमच्या काही सभासदांची कुटुंबे विटा-खानापूर भागातली, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी परमुलखात दुकाने थाटून राहिलेली आहेत, आणि कुपवाडच्या कारखान्यांत परप्रांतातून आलेल्या कामगारांना भाड्याने खोली मिळताना काय होते हेही सर्वांना माहीत आहे. चर्चा सुरू करून द्यावी लागणार नाही, अशी माझी खात्री आहे.

ताईंना विनंती, जूनच्या पहिल्या कार्यक्रमाला आपण यावे आणि बेन सालेम, मायर व हेरमान यांच्याविषयी दहा मिनिटे बोलावे.

मिरज_जंक्शन

येईन. मात्र मी चित्रपटाच्या आधी बोलेन, नंतर नाही. नंतर प्रेक्षक भारावलेले असतात आणि अशा वेळी सांगितलेले कोणाला नकोसे वाटते.

अजिंक्यतारा (सातारा)

आराखडा उत्तम आहे. प्रती आणि प्रदर्शनाच्या परवानगीसाठी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राकडे आधी चौकशी करावी.

‘मारिया ब्राउन’च्या आधी प्रेक्षकांना दोन गोष्टी जरूर सांगा, कारण त्या ठाऊक नसतील तर शेवट हातातून निसटतो. शेवटच्या प्रसंगात मागे रेडिओवर जे समालोचन चालू असते, ते ४ जुलै १९५४ च्या बर्नमधील विश्वचषक अंतिम सामन्याचे आहे. पश्चिम जर्मनीने तो हंगेरीविरुद्ध ३-२ असा जिंकला आणि युद्धानंतर प्रथमच देशाला मान वर करता आली. घरातली सर्वांत गंभीर बोलणी त्या आरडाओरड्यात बुडतात, ती मुद्दाम बुडवलेली आहेत. सभागृहातला आवाज कमी करू नये. दुसरे म्हणजे चित्रपट हिटलरच्या तसबिरीने सुरू होतो आणि संपताना आडेनाउअर, एर्हार्ड, कीसिंगर व श्मिट या पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरांच्या (सरकारप्रमुखांच्या) प्रतिमा निगेटिव्हच्या रूपात येतात. त्याच पदावर राहिलेले विली ब्रांट त्यात नाहीत. त्यांना का वगळले असेल, हा प्रश्न इतिहासाच्या सरांकडे सोपवावा.